इट्टूपच्चायन खाली बसतो

सव्वीस वर्षांत कळत्तिल इट्टूप शर्यतीच्या नावेत एकदाही खाली बसला नव्हता. बसायला त्याला जागाच नव्हती. वेल्लंगाड चुंडन ही आमच्या गावाची सर्पनाव लांबीला सव्वाशे फूट, पण रुंदीला इतकी बेताची, की दोन पोटवाले शेजारी बसले तर तिसऱ्याने पोहतच यावं. तिच्यात ऐंशी वल्हेकरी, शेपटीपाशी पाच सुकाणूवाले आणि मधोमध एका जाड फळीवर उभा इट्टूप, हातात पोफळीचा दांडा. दांडा फळीवर आदळला की ऐंशी वल्ही पाण्यात जायची, दांडा वर गेला की ऐंशी वल्ही बाहेर. वल्हेकरी दमायचे, भांडायचे, लग्नं करून आखातात निघून जायचे आणि त्यांच्या जागी नवे यायचे. दांडा मात्र इट्टूपच्याच हातात. त्याच्या पाठीमागे अर्ध्या हातावर दुसरा दांडेवाला कुरुविला उभा असे. एकोणीस वर्षं तो इट्टूपच्या ठोक्याला ठोका देत होता. शर्यत जिंकली की लोक इट्टूपला खांद्यावर घेत. कुरुविलाकडे ते इट्टूपचा टॉवेल धरायला देत.

इट्टूपची खरी ख्याती शेवटच्या दोनशे फुटांची. झेंडे दिसू लागले की त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. डोळे मोठे, मिशा आडव्या, आणि दांडा असा धडधडायचा की काठावरच्या म्हाताऱ्या आपल्याच छातीवर हात ठेवून बघायच्या. त्या दोनशे फुटांवर गावाने सात करंडक मिळवले होते. ही सवय नावेपुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण जेवताना त्याची बोटं ताटावर चालायची आणि चर्चमध्ये गुडघ्यावर. फादरचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावर इट्टूपच्या गुडघ्यावर शेवटचे दोनशे फूट सुरू व्हायचे, आणि फादर नकळत उरकतं घ्यायचे. त्यासाठी अर्धं गाव त्याला दुवा देत असे.

मग तो आजार आला. शर्यती दोन वर्षं बंद पडल्या, नाव शेडमध्ये झावळ्यांखाली निजली, आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात इट्टूप इस्पितळात गेला. अकरा दिवसांनी घरी आला तेव्हा अहवाल स्वच्छ होता. काठावर सगळे तोंडाला फडकी बांधून उभे. कुणीतरी “आर्प्पो!” अशी आरोळी ठोकली, बाकीच्यांनी “इर्रो!” म्हणून उचलून धरली. आजार गेला, असं गावाने एकमताने ठरवलं.

आजाराला मात्र कुणी विचारलं नव्हतं. होडीतून उतरून घराच्या पायऱ्या चढताना इट्टूपला तीनदा थांबावं लागलं. पायऱ्या तीनच होत्या. पुढचे महिने असेच. अंघोळ केली की बसायचं, मिशी कातरली की निजायचं. डोक्यात कायम धुकं. साधे साधे शब्द सापडेनात. त्याची बायको शोशाम्मा बदकं पाळते. सत्तर बदकं, आणि त्यांची राणी नावाची एक गलेलठ्ठ पुढारीण. एका सकाळी इट्टूपने बायकोला “राणी” अशी हाक मारली. शोशाम्मा लाजली. तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. तिने पदर सावरला, केसांवरून हात फिरवला. इतक्यात त्याने अंगणातल्या बदकाकडे बघून “शोशाम्मे, चहा टाक” म्हटलं, तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं.

उपचारांची कमतरता नव्हती. ताडीच्या दुकानात बसणाऱ्या तज्ज्ञ मंडळींचं मत पडलं, “अंगात आळस मुरलाय. घामाने जाईल.” हे मत इट्टूपला फार आवडलं, कारण ते त्याचंही होतं. चार दिवस जरा बरं वाटलं की तो पाचव्या दिवशी शेडमध्ये जायचा, झावळ्या बाजूला सारायचा, फळीवर उभा राहायचा आणि दांडा घेऊन थेट शेवटचे दोनशे फूट आपटायचा. त्या दिवशी घरी येताना गात यायचा. सहाव्या दिवसापासून आडवा. डोकं ठणकतंय, पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटताहेत, उजेड नको, आवाज नको. आठवडाभराने उठायचा, चार दिवस बरं वाटायचं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा शेड.

“ए माणसा,” शोशाम्मा म्हणायची, “पडायचंच असेल तर सरळ अंथरुणावर पड. शेडमधून वळसा कशाला घेतोस?”

कुरुविला दर रविवारी समाचाराला यायचा. येताना केळी आणायचा, तब्येत विचारायचा, आणि सगळा वेळ कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या दांड्याकडे बघायचा.

“सावकाश होऊ दे, अच्चाया. काही घाई नाही.”

“तुला नाही घाई?”

“मला कसली घाई? एकोणीस वर्षं झाली, अजून एकोणीस.”

नोव्हेंबरात शोशाम्माने धीर सोडला, किंवा तिच्या भाषेत सांगायचं तर धीर धरला. आरोग्य केंद्रात दर मंगळवारी एक वर्ग भरतो. कोविड जाऊनही ज्यांचा कोविड जात नाही अशा लोकांचा. तिने नवऱ्याला धुतलेलं मुंडू नेसवलं, तरीच्या होडीत बसवलं आणि कालव्यापलीकडे नेलं.

वर्ग घेणारी जसीला ही फिजिओथेरपिस्ट. सगळे तिला टीचर म्हणत. सत्तावीस वर्षांची, चणीने लहान, आणि वायनाडच्या डोंगरातली. पाणी तिने तोवर बादलीतच पाहिलेलं. आमच्याकडे घरातून निघालं की पाणी, आणि ह्या मुलीला होडीत पाय ठेवायची भीती. चाळीस फुटांच्या तरीसाठी ती नारिंगी रंगाचं तरंगतं जाकीट घालून, डोळे मिटून, होडीच्या दोन्ही कडा धरून बसायची. धुणं धुणाऱ्या बायका तिला बघण्यासाठी मंगळवारी मुद्दाम उशिरा धुणं काढत.

“या अप्पच्चन, बसा,” ती इट्टूपला म्हणाली. पिकल्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं. इट्टूपचं वय त्रेपन्न. त्या एका शब्दाने जितका दम गेला तितका कोविडने गेला नव्हता.

“आम्हांला अच्चायन म्हणतात,” तो भिंतीला धरून म्हणाला. थोरल्या भावाला म्हणावं तसं.

“बरं, अच्चायन. दहापैकी किती दम लागलाय?”

“शून्य.”

“भिंत सोडून सांगा.”

वर्गात आठजण होते. त्यातला वासवन म्हणजे ताडी काढणारा. पूर्वी दिवसाला चौदा माडांवर चढायचा, आता केंद्राच्या दोन पायऱ्यांवर “जरा वारा खातो” म्हणून बसलेला. आणि पंकजाक्षी अम्मा. वय एकसष्ट, गळ्यात तुळशीची माळ, जीभ धारदार. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी माहेर आरन्मुळाचं, हे ती कुणाला विसरू देत नसे. आरन्मुळाच्या नावा देवाच्या. त्या शर्यतीतही गात गात, डुलत डुलत जातात. आमच्या कुट्टनाडच्या माणसाच्या दृष्टीने ती नाव नव्हेच, ती लग्नाची वरात.

“तूच का तो धडधड्या?” तिने इट्टूपला पहिल्याच दिवशी विचारलं. “टीव्हीवर पाहिलंय तुला. मी आवाज बंद केला होता.”

पहिले काही मंगळवार नुसतं बसणं, नुसता श्वास. नाकाने आत, ओठांचा चंबू करून बाहेर, समोर दिवा आहे असं धरून; तो विझवायचा नाही, नुसती ज्योत हलवायची. इट्टूपला हे सारं अपमानास्पद वाटे. दिवा विझवायला काय हरकत होती, तेच त्याला कळेना. “तुम्हांला जमतं त्याच्या निम्मं करा,” जसीला सांगायची. “थकण्याच्या आधी थांबा. थकल्यावर नाही, आधी.” हे वाक्य ती मल्याळममध्येच बोलत होती, पण इट्टूपला ती दुसऱ्याच मुलखाची भाषा वाटायची.

डिसेंबरात एकदा वीज गेली. त्या दिवशी लाकडाच्या बुटक्या पाटावर चढणं-उतरणं होतं, दहा मिनिटं, अगदी एका लयीत. लय मोजणारं यंत्र जसीलाने फोनवर ठेवलं होतं आणि फोन मेला होता. तिची नजर फिरत फिरत इट्टूपवर आली. वायनाडची मुलगी, तिला काय ठाऊक.

“अच्चायन, तुम्ही ताल धरता ना? ही काठी घ्या. बसून बाकावर ठोका द्या. सावकाश. शेवटपर्यंत एकसारखा.”

“शेवटपर्यंत,” इट्टूप म्हणाला. काठी हातात आली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याची मिशी हलली.

सहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. ठक... ठक... सातजण पाटावर, खाली, पाटावर, खाली. जसीला कौतुकाने मान डोलावत होती. सातव्या मिनिटाला वासवन म्हणाला, “वा अच्चाया!” आणि तिथेच घात झाला. आठव्या मिनिटाला इट्टूप उभा राहिला. नवव्या मिनिटाला समोरच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याच्या जागी, त्याला झेंडे दिसू लागले. ठकठक, ठकठक, ठकठकठकठक! आणि गंमत अशी, की त्या ठोक्यावर वाढलेल्या एकाही माणसाला थांबता आलं नाही. जन्मभर काठावरून तो ताल ऐकलेली माणसं ती. वासवन माडावर चढल्यासारखा पाटावर चढत होता, पोस्टात काम करणारी बाई पदर खोचून उड्या मारत होती, आणि देवाच्या नावेची पंकजाक्षी अम्मा सगळ्यांच्या पुढे! “थांबा! थांबा!” जसीला ओरडत होती. शर्यतीत काठावरून बायका ओरडतातच, तिकडे कोण बघतो? शेवटचा ठोका पडला आणि सगळ्यांनी छत फाटेल अशी आरोळी दिली. “आर्प्पो! इर्रो!” मग एकमेकांच्या अंगावर पडून सगळे हसले. इतका सुंदर मंगळवार कुणी पाहिला नव्हता.

बुधवारी आठच्या आठ आडवे. गुरुवारी त्याहून वाईट. जसीलाने प्रत्येकाला फोन केला आणि प्रत्येक फोननंतर थोडी रडली. इट्टूप स्वतः डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडला होता, तेव्हा माफी मागायला शोशाम्मा गेली. होडीत बदकांची अंडी घेऊन ती घरोघर फिरली आणि प्रत्येक घरून एकेक टोमणा घेऊन परत आली. ते तिने नवऱ्याच्या उशाशी बसून जसेच्या तसे पोचते केले.

“वासवन म्हणाला, माडावरून पडलो असतो तरी इतकं दुखलं नसतं. पण मजा आली.”

“आणि ती आरन्मुळाची?”

“म्हणाली, आमच्याकडे असा दांडा आपटला असतास तर देवानेच तुला नावेतून उतरवलं असतं. अंडी मात्र तिने जास्तीची ठेवून घेतली.”

इट्टूपने पंचा कपाळावर सरकवला. आपण पडलो त्याचं त्याला काही नवल नव्हतं. पडायची त्याला सवय झाली होती. पण आपल्या ठोक्याने सातजण पडले? सव्वीस वर्षांत त्याने माणसं पुढे नेली होती. पाडली नव्हती.

पुढच्या वर्गाला, म्हणजे तीन आठवड्यांनी, तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. जसीला दहापर्यंतचे आकडे फळ्यावर लिहीत होती. तो म्हणाला, “टीचर, ते आकडे पुसा. आम्हांला कळत नाहीत. बांध लिहा.”

“कसला बांध?”

खाली शेत, वर कालवा आणि मध्ये मातीचा एक बांध, असं जन्मभर जगलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे गंमतच. पण त्याने समजावून सांगितलं. “बांध एकदम फुटत नाही. आधी पाझरतो. नुसती माती ओलसर होते. तेव्हा चार टोपल्या चिखल थापला की भागतं. मग गळतो. त्याला वीस माणसं लागतात. आणि फुटला की संपलं, शेताचं पुढच्या वर्षीच बघायचं. तुम्ही म्हणता ना, थकण्याच्या आधी थांबा? तो पाझर. असं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

जसीलाने आकडे पुसले आणि मोठ्या अक्षरांत चार शब्द लिहिले: कोरडा, पाझर, गळती, फूट. आणि खरोखरच त्या दिवसापासून वर्गात शहाणपण आलं. पोस्टातली बाई म्हणायची, “आज पाझर आहे, मी बसते.” वासवनने एकदा पायरीवरूनच हाक दिली, “टीचर, गळती! उद्या येतो!” आणि परत गेला. सगळे खरं सांगू लागले. एकजण सोडून.

“अच्चायन, बांध?”

“कोरडा.”

“ओठ निळे दिसताहेत.”

“फणसाची भाजी खाल्ली.”

ताल धरायचं काम त्याच्याकडे पुन्हा आलं, पण एका अटीवर. शेजारी पंकजाक्षी अम्मा बसणार, आणि ताल तिच्या माहेरचा. शर्यतीच्या बैलाला पाळणा हलवायला लावावं तसं ते होतं. एका ठोक्यानंतर दुसरा यायला इतका वेळ, की मध्ये एखाद्याने पान लावून खावं.

“आता मारू?” इट्टूप दात आवळून विचारायचा.

“थांब. आमच्याकडे नाव पळत नाही, चालते. देवाची नाव, तिला कसली घाई? हं, आता मार. अरे हळू! बाक आहे तो, तुझी फळी नाही.”

महिने गेले. त्या ढिम्म तालावर माणसं हळूहळू उभी राहू लागली. फेब्रुवारीत वासवन दोन पायऱ्या न थांबता चढला. एप्रिलमध्ये तो एका माडावर चढला, बुटक्या, पण माडच. वर जाऊन त्याने गळती नाही, गळती नाही असं ओरडून सांगितलं आणि खालून पाणी भरणाऱ्या बायकांना कशाची गळती ते कळेना. इट्टूप अंगणात बदकांच्या मागे दहा मिनिटं चालू लागला, मग पंधरा. बायकोला आणि बदकाला तो आता वेगवेगळं ओळखू लागला. शोशाम्माला त्यात आनंद होता, थोडी हळहळही.

जुलैत बातमी आली. ओणमच्या आठवड्यात शर्यत. दोन वर्षांनी! गाव वेडं झालं. नावेवरच्या झावळ्या निघाल्या, तिला माशाचं तेल चोळलं गेलं, आणि नाव-समितीची बैठक शेडमध्येच भरली. विषय सगळ्यांना माहीत होता, म्हणून कुणी काढला नाही. शेवटी इट्टूपनेच काढला. “मी उभा राहणार.”

सगळ्यांनी कुरुविलाकडे पाहिलं. कुरुविलाने छताकडे.

मंगळवारी इट्टूपने वर्गात सांगितलं, आणि नाही ऐकायची तयारी करून बसला. जसीला नाही म्हणाली नाही. तिने विचारलं, “शर्यत किती मिनिटांची?”

“साडेचार. फार तर पाच.”

“आणि तुमचा बांध किती मिनिटं धरतो?”

“साडेचार. फार तर पाच.”

“अच्चायन.”

इट्टूपची गुडघ्यावरची बोटं थांबली. शेवटी म्हणाला, “अडीच. परवा शेडमध्ये मोजलं. अडीचला पाझर.”

 आठ महिन्यांत स्वतःबद्दल तो शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता.

“मग अडीच मिनिटं उभे राहा,” जसीला म्हणाली, “आणि मग खाली बसा.”

“खाली?” इट्टूप म्हणाला. “चुंडनमध्ये? टीचर, अख्खा जिल्हा काठावर असतो. दांडेवाला खाली बसलेला कुणी पाहिलेला नाही. आणि अडीच मिनिटांनी बसायचं म्हणजे शेवट... शेवटचे दोनशे फूट...”

वाक्य पुरं झालं नाही. त्याला उभं राहायचं होतं ते त्या दोनशे फुटांसाठीच, हे सगळ्यांना कळलं. आणि पुन्हा महिनाभर अंधारात पडायचं, की जन्मभराचा शेवट दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हेही.

पंकजाक्षी अम्माने घसा साफ केला. “उभं राहणं सोपं असतं बाबा. कुणीही राहतं.”

त्या रविवारी कुरुविला केळी घेऊन आला तेव्हा इट्टूपने त्याला दांडा दाखवला. “चर्चच्या घाटापर्यंत मी. घाटापासून तू. शेवट तुझा.”

कुरुविलाने केळी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. “चेष्टा करताय?”

“मला चेष्टा करायला दम कुठे आहे?”

“आणि घाटापाशी तुम्ही बसला नाहीत तर? तुम्हांला ओळखतो मी. एकोणीस वर्षं पाठ पाहिलीय तुमची.”

“बसेन. बसलो की माझ्या जागी तुझे घोटे दिसतील मला. तेवढी शिक्षा पुरे.”

शर्यत शनिवारी होती. चार गावांच्या चार नावा, दोन्ही काठांवर माणसांची झुंबड, माडांवरसुद्धा माणसं. वासवन त्यांच्यात नव्हता, ह्याची जसीलाने दोनदा खात्री करून घेतली होती. वर्गातले सातजण चर्चच्या घाटावर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसले होते, प्रत्येकाच्या हातात उघडी छत्री. मध्ये जसीला, पक्क्या जमिनीवर, तरीही नारिंगी जाकीट घालून. गर्दीत आवाज पोचणार नाही, म्हणून खूण ठरली होती. इट्टूप समोर आला की साती छत्र्या एकदम मिटायच्या. छत्र्या मिटल्या की बसायचं.

शिट्टी झाली. दांडा पडला. ऐंशी वल्ही पाण्यात गेली आणि इट्टूपच्या पायांखालची फळी जिवंत झाली. दोन वर्षं तो ज्या आवाजासाठी झुरला तो आवाज त्याच्याच हातातून निघत होता. नाक... ओठ... दिवा हलवायचा, विझवायचा नाही. एका मिनिटाला बांध कोरडा. दोन मिनिटांना कोरडा. वेल्लंगाड एका फुटाने पुढे! काठ नुसता गर्जत होता. घाट दिसू लागला आणि पोटऱ्यांत ओळखीची ओल आली, अगदी थोडी. पण त्याच क्षणी लांबवर, पाण्याच्या वर, त्याला झेंडे दिसले. भिंतीवरचे नव्हेत, खरे. मिशा आडव्या झाल्या. अजून दोन मिनिटं. काय होतं दोन मिनिटांनी? पडलो तर पडलो, पडायची सवयच आहे.

उजवीकडे साती छत्र्या फटाफट मिटल्या.

त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तेव्हा घाटावरची पंकजाक्षी अम्मा खुर्चीतून उठली. मिटलेली छत्री तिने दगडी कठड्यावर आपटली. एकदा. मग इतक्या वेळाने, की मध्ये एखाद्याने पान लावून खावं, पुन्हा एकदा. अख्खा काठ “ओढा! ओढा!” म्हणून ओरडत होता, आणि सात माणसं आणि एक नारिंगी जाकीट हातवारे करून ओरडत होतं, “बस! बस! बस की मेल्या!” शेजारच्या गावचे लोक वळून वळून बघू लागले, ही माणसं कुठल्या नावेची म्हणून.

इट्टूपला हसू आलं. आणि हसता हसता इट्टूप बसला.

मागून कुरुविला पुढे त्याच्या जागी सरकला आणि दांडा पडला, भलत्याच जोरात, घाबरून. एक ठोका चुकला. मग दुसरा बरोबर पडला, तिसरा, चौथा. इट्टूप गुडघे पोटाशी घेऊन दोन वल्हेकऱ्यांच्या मध्ये कोंबला गेला होता आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पाणी दिसलं. उभ्याने नेहमी झेंडेच दिसायचे. पाणी नाकाशी होतं, हिरवं, फेसाळ, त्याच्या तोंडावर उडत होतं. आणि डोळ्यांसमोर कुरुविलाचे घोटे. एकही ठोका न सोडणारे.

“आता!” इट्टूप खालून ओरडला. “आता सोड, कुरुविला! तुझे आहेत! सगळे तुझे!”

कुरुविलाने सोडले. एकोणीस वर्षांचे साठलेले दोनशे फूट त्याने एका दमात आपटले. फळीला त्या दिवशी चीर गेली, ती अजून दाखवतात. वेल्लंगाड दुसरी आली, एका नाकाने. पंचांना मोतीबिंदू आहे हे गावाने जागच्या जागी ठरवलं, आणि तो ठराव आजतागायत कायम आहे. कुरुविलाला खांद्यावर घेतलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. त्याचा टॉवेल इट्टूपच्या हातात होता.

पण खरी शर्यत पुढे होती, आणि ती गावाला माहीत झाली होती. हा आजार लगेच वसूल करत नाही, एक-दोन दिवसांनी येतो. रविवारी शोशाम्माने नवऱ्याला घराबाहेर पडू दिलं नाही. चर्चमध्ये प्रवचन लांबलं. गाव त्या दिवशी फार मनापासून इट्टूपची आठवण काढत होतं. सोमवारी उजाडल्यावर शोशाम्मा अंथरुणाजवळ जाऊन उभी राहिली. इट्टूपने डोळे उघडले, खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं नाही.

“शोशाम्मे, चहा टाक.”

तिने आधी मागे वळून बघितलं. अंगणात बदक नव्हतं. मग ती चहा टाकायला गेली, आणि चुलीपुढे उगाचच बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली.

मंगळवारी तरीची होडी भरून निघाली. कुरुविलाही आला होता, त्याचं वर्गात काही काम नसताना, आणि टॉवेल घेऊन दाराशी उभा होता. जसीला फळ्यापाशी खडू घेऊन उभी. 

“अच्चायन, बांध?”

“को...” इट्टूप म्हणाला, आणि थांबला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “पाझर. उजव्या पोटरीत. आणि थोडा डोक्यात, सकाळी फादरचं नाव आठवत नव्हतं. पण पाझरच. गळती नाही.”

जसीलाने फळ्यावर लिहायला पाठ वळवली. खडू दोनदा मोडला. “मग आज बसूनच करा,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

“बसूनच करतो. आता जमतं.”

“मला विचारशील तर फार सुंदर बसलास,” पंकजाक्षी अम्मा म्हणाली. “आरन्मुळाला सुद्धा इतकं छान कुणी बसत नाही.” आणि स्वतःच्या तोंडून हे कसं गेलं म्हणून तिने लगेच काठी त्याच्या हातात कोंबली. “चल, मार. हळू!”

ठक... इट्टूपने दिला. सगळे पाटावर चढले. बऱ्याच वेळाने दुसरा दिला. सगळे उतरले. नऊ मिनिटं झाली, बाहेर कालव्यावरून एक मोटारबोट फटफटत गेली, वासवनच्या कपाळावर घाम चमकत होता आणि तोंडावर जुनं खोडकर हसू.

“अच्चाया,” तो हळूच म्हणाला, “फक्त आजच्या दिवस. शेवटचे दोनशे फूट?”

काठी हवेत थबकली. 

“ते माझ्याकडे नाहीत,” इट्टूप म्हणाला. “दाराशी टॉवेल घेऊन उभा आहे ना, त्याच्याकडे माग.”

ठक.